नावाड्याच्या घरातलं सोंग

आमच्या थोरल्याचं, डेलचं लग्न झालं त्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. सकाळी मी आणि माझी बहीण लिओटा मिळून तिच्या नवऱ्याच्या अंगात त्याच्या आजोबांचा कोट चढवत होतो.

"आधी लुळा हात," लिओटा म्हणाली. "लुळा हात आधी, मग धड हात. कितींदा सांगू तुला, क्लीट?"

"मी काय रोज माणसांना कपडे घालतो?"

"मी घालते. धर नीट."

अर्व्हिन पलंगाच्या कडेला बसला होता, सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून. एके काळी हा माणूस ओकच्या फळ्या एकटा गाडीत चढवायचा. त्या मे महिन्यात खुर्च्यांच्या कारखान्यात, डबा खाता खाता, त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द मागे राहिला, 'बरं'. भूक लागली की बरं, पाय दुखला की बरं, राग आला की बरं. ते सगळे वेगवेगळे असतात, असं लिओटा म्हणायची. मला सारखेच ऐकू यायचे.

कोट जाड निळ्या लोकरीचा, पितळी बटणांचा. अर्व्हिनचे आजोबा आमच्या पोर्टर्स बेंडचे नावाडी होते. पूल नव्हता तेव्हा माणसं, घोडे, गाई, शवपेट्या, सगळं तेच नदीपलीकडे केंटकीत नेऊन सोडायचे. घरही त्यांनीच बांधलेलं, काठावर, विटांचं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. झटक्याआधी हा कोट अर्व्हिनला झालाच नसता. आता सगळी बटणं लागून वर हात जाईल एवढी जागा उरली.

आम्ही त्याला उचलत, ओढत पुढच्या खोलीत आणलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. लिओटाने आपली लांब शाल कोटाच्या आतून त्याच्या कमरेभोवती घेतली आणि खुर्चीच्या पाठीमागे गाठ मारली.

"एवढी आवळू नकोस गं."

"सैल ठेवली तर घसरतो."

"लिओटा, हे सोंग वठायचं नाही. हेवरस्टिक बाई काय आंधळ्या आहेत?"

"आंधळ्या नाहीत. घाईत आहेत," ती म्हणाली. "तेवढं मला पुरे."

गाठ तिला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.

आमच्या गावात नाताळाच्या आधी घरं बघण्याचा दिवस असतो. महिला मंडळ सहा घरं निवडतं, काही जुनी, काही नवी. घरवाले ती सजवतात आणि गाव तिकीट काढून एका घरातून दुसऱ्या घरात हिंडतं. आसपासच्या गावांतूनही लोक येतात. दरवर्षी तीच टेकडीवरची घरं असायची, बँकवाल्याचं, डॉक्टरचं, न्यायाधीशाचं. त्या वर्षी फेब्रुवारीत मंडळाच्या अध्यक्ष हेवरस्टिक बाई हातात केक घेऊन लिओटाच्या दारात आल्या. नदीकाठचं एखादं साधं घर दाखवायचं त्यांच्या मनात होतं. नावाड्याच्या घराच्या चौकटीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. अठराशे चौऱ्याऐंशीचा पूर कमरेएवढा, एकोणीसशे तेराचा छातीशी, सदतीसचा माझ्या डोक्याच्याही वर. लोकांना ते बघायला आवडेल, असं बाईंचं म्हणणं.

लिओटाने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. अख्ख्या गावाच्या ताटात तिने सूप वाढलं. पण टेकडीवरचं माणूस कधी तिच्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. अर्व्हिनकडे तेव्हा सगळे शब्द होते. तो म्हणाला, "बघायला आहे काय आपल्याकडे? तू आणि मी. तेही वापरलेले."

मग मे महिना आला.

लिओटाने नाव मागे घेतलं नाही. मी सांगून पाहिलं, माझ्या बायकोने, नेव्हाने सांगून पाहिलं. तिला कॅरलीनची धास्ती होती. कॅरलीन त्यांची एकुलती एक मुलगी, इंडियानापोलिसला असते. पोरगी वाईट नाही. आईचं वजन उतरलेलं तिला दिसत होतं, मनगटावरचे काळेनिळे डाग दिसत होते. तिने काउंटीच्या वृद्धाश्रमात बापासाठी पलंग बघून ठेवला होता. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती न सांगता एक दिवस आधी आली, तेव्हा तिला काय दिसलं? अर्व्हिन स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला. लिओटाला तो उचलला गेला नव्हता. म्हणून तिने त्याच्या डोक्याखाली उशी सारली होती, अंगावर गोधडी टाकली होती आणि मी येईपर्यंत त्याच्या शेजारी आडवी झाली होती.

"आई, हे आता चालायचं नाही," कॅरलीन म्हणाली.

"एकदा घसरला. कुणी घसरत नाही का?"

"एकदा?"

लिओटा म्हणाली, "दोन आठवड्यांनी सगळं गाव या घरात येणार आहे. ज्या बाईला घर झेपत नाही, ती असले उद्योग अंगावर घेते का?"

कॅरलीन तशी आईसारखीच. हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "ठीक आहे. मीही तिकीट काढून येते. तू सगळं निभावलंस आणि बाबा नीट दिसले, तर वसंतापर्यंत वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर रविवारी मी त्यांना घेऊन जाते. मग रडायचं नाही."

अर्व्हिन शेजारच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, "बरं." तो बरं मात्र मलाही कळला.

लिओटाने त्याला झटक्यानंतर इस्पितळातच शब्द दिला होता, की काहीही झालं तरी तू शेवटचा जाशील तो तुझ्या घरातूनच. मुलीसाठी, मंडळासाठी, गावासाठी ती जे करत होती, ते सगळं त्या एका शब्दापायी.

अडचण एकच होती. त्या दिवशी घरवाल्यांनी घरात थांबायचं नाही, हेवरस्टिक बाईंकडे जेवायला जायचं, असा मंडळाचा नियम आहे. एका वर्षी डॉक्टरच्या बायकोने कपबशीला हात लावला म्हणून मेथडिस्ट पाद्र्याच्या सासूच्या हातावर चापट मारली होती, तेव्हापासूनचा. लिओटाला थांबता येणार होतं, कारण स्वयंपाकघरात सफरचंदाचा गरम रस वाटणारी बाई तापाने आडवी झाली होती. पण अर्व्हिनला न्यायचं कुठे? माझं घर हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर, जिना उभा. आणि त्याला उचलून नेताना कुणी पाहिलं असतं, की सगळंच उघडं पडलं असतं. तो अजून काठी घेऊन चालतो, फक्त थंडीमुळे बाहेर पडत नाही, असं तिने गावाला सांगून ठेवलं होतं.

मग तिला सोंगाची युक्ती सुचली. जुन्या घरांत मंडळ एकेक सोंग बसवतं. जुन्या काळचे कपडे घालून कुणीतरी एका जागी बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. लहान मुलं समोर उभी राहून तोंडं वेडावतात. जो सोंगाला हसवेल, त्याला पेपरमिंटची कांडी. बँकवाल्याच्या घरात सोंगाला बसणारा गावचा न्हावी दरवर्षी हरतो. त्याच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी.

"दिवसभर हलायचं नाही, बोलायचं नाही," लिओटा मला म्हणाली होती. "या गावात ते माझ्या नवऱ्याइतकं कुणाला जमणार आहे, सांग."

आणि ती हसली होती. त्या हसण्याकडे मला बघवलं नव्हतं.

आता ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. खुर्चीशेजारच्या लहान टेबलावर तिने आजोबांची घंटा ठेवली. पितळेची, मुठीत मावेल एवढी. पलीकडच्या काठावर कुणी हाक मारली, की आजोबा ही वाजवून 'आलो' म्हणायचे.

"ऐक," ती म्हणाली. "आज एक शब्द नाही. तो बरंसुद्धा नाही. काही लागलं तर ही वाजव. या हाताने. मी मागेच आहे. कळलं?"

त्याने डावा हात उचलला आणि घंटा वाजवून दाखवली. मग बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"शहाणा माझा," लिओटा म्हणाली आणि रुमालाने त्याच्या ओठांचा कोपरा टिपला.

हेवरस्टिक बाई आल्या त्या बोलत बोलतच. डोक्यावर लाल टोपी, कोटावर कुणीतरी खोचलेली हिरवी पानं. "चौकटीवर फांद्या नकोत, लिओटा, खुणा झाकल्या जातात. ते मेणबत्त्यांचं छान केलंत. आणि हे कोण?" त्या थबकल्या. "अर्व्हिन? मला वाटलं, तुम्ही जेवायला आमच्याकडे गेलात!"

मी दारात होतो.

"सोंगाला बसतो म्हणाला," लिओटा म्हणाली. "हट्टच धरला. आजोबांचा कोट आहे ना."

"अगं बाई! आणि मी गेला आठवडाभर माणूस शोधतेय!" बाई त्याच्यापुढे वाकल्या. "काय अर्व्हिन, आज फार थंडी आहे, नाही?"

अर्व्हिन समोर बघत राहिला.

"बघा बघा, आत्तापासूनच कामाला लागले!" बाई खूष झाल्या. "आणि ही खुर्ची! असल्या जुन्या वस्तू आता मिळत नाहीत."

ती खुर्ची अर्व्हिनच्या कारखान्यात नापास झालेली होती. एक हात वाकडा म्हणून मालकाने ती टाकून दिली होती आणि अर्व्हिनने घरी आणली होती. लिओटा म्हणाली, "हो, जुनीच आहे." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागोमाग गेलो, तेव्हा ती मोरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

माझं काम दारातलं. तिकिटाला भोक पाडायचं आणि बुटांवर चढवायला कापडी पिशव्या द्यायच्या, मंडळाच्या बायकांनी जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या. लोक पुढून आत जात, पुढची खोली बघत, वर जाऊन खाली येत, स्वयंपाकघरात रस पीत आणि मागच्या दाराने बाहेर पडताना पिशव्या टोपलीत टाकत. टोपली भरली की मी मागे जाऊन ती पुढे आणायची. त्यामुळे मला सगळीकडचं थोडं थोडं कळत होतं.

रांगेत दाताच्या डॉक्टरच्या नव्या घराची चर्चा होती. मधोमध खड्डा करून बैठक केली आहे, आणि नाताळचं झाड उलटं टांगलंय, म्हणे, छताला.

"उलटं? का बरं?"

"फॅशन."

"अहो, माझी सासू त्या खड्ड्यात बसली ती उठेना. दोघांनी ओढून काढली."

"काढायची कशाला घाई केलीत?"

लोक हसत आत जात होते. आत हेवरस्टिक बाई चौकटीवर छडी ठेवून सांगत होत्या, "हा सदतीसचा पूर. इथवर पाणी. आणि हे आपले नावाडी! मुलांनो, हसवून दाखवा बघू!" मुलं तोंडं वेडावत, नाकं दाबत, कोंबड्यासारखी आरवत. अर्व्हिन हसला नाही. एक टारगट कार्टं त्याच्या कानाशी जाऊन ढेकर देऊन आलं. तरी नाही.

"कसलं बेरकी सोंग आहे!" त्याचा बाप कौतुकाने म्हणाला. "न्हाव्याने यांच्याकडून शिकावं."

घंटा वाजली. मी खिडकीतून पाहिलं. लिओटा एप्रन धरून धावत आली. एका पोराने वाजवली होती. ती अर्व्हिनकडे बघून, टेबलावरची नसलेली धूळ पुसून परत गेली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली, पुन्हा ती धावली. पुन्हा कुणीतरी पोरच. चौथ्या का पाचव्या वेळी मी टोपली घ्यायला मागे होतो. तिच्या हातातला डाव रसाच्या पातेल्यात पडला. ती गेली आणि आली. कपाळावर घाम होता.

"जरा बस," मी म्हणालो.

"बसले तर उठायची नाही."

"तो ठीक आहे. मी बघतोय ना खिडकीतून."

"तुला काय कळतंय, क्लीट? तुला त्याचे बरं कळत नाहीत, न बोललेलं काय कळणार?"

त्यानंतर मात्र घंटा वाजायची थांबली. मुलं कंटाळली असतील, असं मला वाटलं. मी मागे गेलो की लिओटा विचारी, "वाजली का रे? इथे भांड्यांच्या आवाजात ऐकू आली नसेल म्हणून विचारते." मी सांगे, नाही वाजली. मग ती सुटकेचा श्वास टाकून पुढचा पेला भरी. "नाही वाजली म्हणजे ठीक आहे," ती स्वतःलाच सांगायची.

कॅरलीन दुपारी आली. रांगेत उभी राहिली, तिकीट पुढे केलं.

"अगं, तुला कशाला तिकीट?"

"ठरलं होतं तसं, मामा." तिने बुटांवर पिशव्या चढवल्या आणि आत गेली.

टोपली भरलेली नव्हती, तरी मी ती आणायला मागे वळसा घालून गेलो. कॅरलीन पुढची खोली बघून, वर न जाता सरळ स्वयंपाकघरात आली होती. आत चार-पाच पाहुणे पेले घेऊन उभे होते. त्यामुळे मायलेकी हळू आवाजात, तोंडावर हसू ठेवून भांडत होत्या.

"बाबांना बाहुलीसारखं बांधून बसवलंस तू!"

"रस घ्या, दालचिनी आहे त्यात," लिओटा एका म्हाताऱ्या जोडप्याला म्हणाली. मग मुलीकडे वळली. "रोज बसतो तो तिथेच. आज लोक बघतायत, एवढाच फरक."

"लोक हसतायत त्यांना!"

"त्याला नाही हसत. तो हसावा म्हणून खटपट करतायत. सहा महिन्यांत कुणी केली तेवढी? तू केलीस?"

कॅरलीनचं तोंड लाल झालं. तिने पेले धुवायला घेतले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. "आई, त्यांच्यात आता काही उरलेलं नाही. तू मानत नाहीस, एवढंच. उद्या मी त्यांना नेते."

"वसंतापर्यंत म्हणाली होतीस."

"नीट दिसले तर, म्हणाले होते."

"कॅरलीन." लिओटाचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. शाळेत दोनशे पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई ती. "मी तुझ्या पाया पडते. नदीवरचा बर्फ जाईपर्यंत. तुला हवं तर मी बाई ठेवते मदतीला. हवं तर त्याचा पलंग इथे चुलीपाशी आणते आणि मी जमिनीवर निजते. त्याला तिथे परक्या भिंतीकडे तोंड करून ठेवतील गं. त्याचा बरं तिथे कुणाला कळणार आहे?"

कॅरलीन नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी नुसतं वाहत होतं.

तेवढ्यात एक लहान मुलगी आली. पुढचे दात पडलेले, टोपीला लोकरीचे गोंडे. ती लिओटाच्या एप्रनला धरून म्हणाली, "माझी कांडी द्या. तो हसला."

"कोण हसला, बाळ?"

"नावाडी. मी काहीच केलं नाही. मी नुसती हसले, तर तो पण हसला. अर्धाच हसला, या बाजूने." तिने बोटाने आपल्या तोंडाचा डावा कोपरा वर ओढून दाखवला. "अर्ध्याची अर्धी कांडी मिळते का?"

लिओटाने बरणी उघडली आणि तिच्या हातात मूठभर कांड्या दिल्या. मग ती मुलीकडे वळली. रडतही होती, हसतही होती.

"ऐकलंस? म्हणे काही उरलं नाही! उरलंय गं. मे महिन्यापासून मी वाट बघतेय."

कॅरलीनने नळ बंद केला. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, आई. वसंतापर्यंत."

लिओटा खुर्चीत बसली. दिवसभरात पहिल्यांदा बसली. मीही टोपली खाली ठेवली. मला वाटलं, चला, निभावलं.

मागून एक जाडजूड बाई आणि तिचा नवरा आत आले. पलीकडच्या गावचे असावेत, ओळखीचे नव्हते. बाईंनी पेला घेतला आणि म्हणाल्या, "कुठून आणलात हो तो नावाडी? आम्ही वर जाताना पाहिला आणि खाली येताना पाहिला. पापणी लवली नाही. आणि तो हात! टेबलावर असा पुढे केलाय, जणू काहीतरी मागतोय. अगदी खरं वाटतं."

लिओटा उठली. धावली नाही. एप्रन काढून तिने खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि पुढे गेली. कॅरलीन आणि मी तिच्या मागे.

खोलीत माणसं होती. हेवरस्टिक बाई पाठ करून चौकटीवरचा तेराचा पूर दाखवत होत्या. अर्व्हिन खुर्चीत तसाच बसला होता, शालीच्या गाठीत. डावा हात लहान टेबलावर लांब झालेला होता. टेबलावरचा कापडी रुमाल त्याच्या मुठीत गोळा झाला होता. बाकी टेबलावर काही नव्हतं.

लिओटाने त्याच्या मानेला हात लावला, जसं ती सकाळपासून धूळ पुसायच्या निमित्ताने लावत होती. मग हात काढला नाही. कॅरलीनने खाली वाकून त्याच्या तोंडाशी गाल नेला. ती उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता. "मामा," ती कुजबुजली, "दार बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा. मी फोन करते."

"नाही," लिओटा म्हणाली.

"आई…"

"आत्ता ओरडलीस की सगळे आत घुसतील. मग त्याला जमिनीवर निजवतील, कोट फाडतील, छाती दाबतील, आणि सगळं गाव टाचा उंचावून बघेल." ती ओठ न हलवल्यासारखी बोलत होती. "तो बसलाय. त्याला बसू दे. जे दारात आहेत, ते बघून जाऊ देत."

तिने कोपऱ्यातला बुटका स्टूल ओढला आणि त्याच्या पायाशी बसली. त्याची मूठ रुमालासकट टेबलावरून उचलून मांडीवर घेतली आणि आपल्या दोन्ही हातांत धरली. मग समोर बघू लागली. कॅरलीन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने आपला केसाळ गळपट्टीचा शहरी कोट उतरवून ठेवला, बापाच्या खुर्चीमागे गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी परत दारात गेलो. दारासमोर उभे होते त्यांची तिकिटं घेतली. त्यांच्या मागून येणाऱ्यांना सांगितलं, रस संपला, घर बंद झालं.

आत गेलेल्यांनी तिघांकडे पाहिलं आणि आपोआप आवाज खाली आणले. "आता तीन केलीत," कुणीतरी हळूच म्हणालं. "हे फार छान." एका पोराने लिओटापुढे उभं राहून जीभ काढली, डोळे फिरवले, कान ओढले. लिओटा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. पोराने जीभ आत घेतली आणि टोपी काढली. त्याच्या आईने त्याला पुढे ढकललं.

शेवटचा माणूस मागच्या दाराने गेला. हेवरस्टिक बाईंनी छडी भिंतीला टेकवली आणि पायांतले बूट सैल केले. "बायांनो, काय दिवस झाला! अर्व्हिन, उठा आता, तुम्ही जिंकलात." मग त्यांना आठवलं. त्या भिंतीच्या कपाटाकडे गेल्या, टाचा उंचावल्या, वरून घंटा काढली आणि अर्व्हिनच्या डावीकडे, टेबलावर, होती तिथेच आणून ठेवली.

"कार्टी सारखी वाजवत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उगीच धावावं लागत होतं, लिओटा. म्हणून वर ठेवली मी."

लिओटाने घंटेकडे पाहिलं. कॅरलीनने माझ्याकडे पाहिलं. बाईंना अजून काही कळलं नव्हतं. त्यांच्या कोटावरची हिरवी पानं सुकून खाली लोंबत होती.

"बरं," लिओटा म्हणाली.

मग तिने उठून खुर्चीच्या पाठीमागची शालीची गाठ सोडली.

अर्व्हिन बाउर शनिवारी, नऊ डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर रोजी, दुपारी, आपल्या घरात वारला. लिओटा एकोणीसशे एकोणनव्वदच्या मार्च महिन्यात वारली, काउंटीच्या वृद्धाश्रमात.